नंबर चालू ठेव

शुक्रवारी सकाळी, पहिल्या तासाची घंटा होऊन दोन-तीन मिनिटं झाली असतील, दहावी ‘ब’च्या वर्गात ‘तेवीस’ कोणी म्हणालं नाही.

एकवीस झालं, बावीस झालं आणि हजेरी अडली. प्रज्ञा भिंगारदिवे वर्गाकडे पाठ करून फळ्यावर वर्गसमीकरण लिहीत होती. तिचा खडू थांबला. एरवी एखादा आला नसला तर पुढचा लगेच आपला नंबर बोलायचा आणि हजेरी न अडखळता पुढे जायची. आज चोवीस नंबरचा मुलगा तोंड अर्धवट उघडून बसला होता. त्याला आधी ‘तेवीस’ ऐकायची सवय झाली होती.

“तेवीस कोण?” प्रज्ञाने मागे वळून विचारलं.

विचारलं आणि तिच्याच लक्षात आलं, की तेवीस कोण हे तिला खरोखर माहीत नाही. दहावी ‘ब’ची ती वर्गशिक्षिका होती. जून महिन्यापासून रोज हा आकडा तिच्या कानावर पडत होता.

हजेरीपट मॉनिटर रविराजपाशी होता. तिने तो मागून घेतला. आरती श्रीमंत दहिफळे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवसापासून कालपर्यंत त्या ओळीत एकही गैरहजेरी नव्हती.

“आज आरती आली नाही का?”

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“रविराज?”

रविराज उठून उभा राहिला. “आज न्हाई मॅडम. म्हणजे… दिवाळीपासूनच न्हाई.”

“मग रोज तेवीस कोण म्हणतं?”

सगळा वर्ग खाली बाकांकडे बघत होता. “पंकजा म्हणती,” रविराज म्हणाला. “बारीक आवाज काढून. आज ती पण न्हाई आली. तिचे वडील म्हैस घेऊन घोडेगावच्या बाजारला गेलेत. बाकीची जनावरं हायेत ना घरी, म्हणून.”

प्रज्ञा खुर्चीवर बसली. तिला वर्गात खुर्चीवर बसलेलं मुलांनी या वर्षी पाहिलं नव्हतं.

नंबरांची ही हजेरी तिचीच कल्पना. त्याआधी ती नाव घेऊन हजेरी घ्यायची, आणि नावापाशी तिचं भागत नसे.

“ज्योती?”

“हजर मॅडम.”

“डोळे लाल का गं?”

“काल कांदे निवडले मॅडम, दिवसभर.”

“बरं. कचरू?”

“गैरहजर मॅडम, त्याची शेळी व्याली.”

“शेळी व्याली तर कचरू कशाला घरी?”

“दोन झाली मॅडम, तिसरं अडलंय!”

वर्ग हसायचा, तीही हसायची. असं करत करत हजेरी संपायची तेव्हा तासातला बराच वेळ संपलेला असायचा. पण कोणाचा बाप दारू पितो, कोणाची आई माहेरी निघून गेली, कोणाच्या घरी आज चूल पेटली नाही, हे तिला बसल्या जागी कळायचं. पाथर्डीच्या पूर्वेकडची ही शाळा. दसरा-दिवाळीनंतर निम्मा गाव ऊसतोडीला जातो. कोणतं मूल आजीजवळ राहणार, कोणतं मामाकडे आणि कोणतं बैलगाडीवर बसून जाणार, याचा अंदाज तिला नवरात्रातच आलेला असायचा. मग ती त्या घरी जायची, आईबापाशी भांडायची. कधी जमायचं, कधी नाही.

फक्त गणिताचा पोर्शन मागे राहायचा. एका वर्षी बोर्डाचा गणिताचा निकाल घसरला. पालकसभेत एक जण उठून म्हणाला, “मॅडम लई मायाळू हायेत, पण गणित शिकवत्यात कवा?” मुख्याध्यापक गोरक्ष शेळके सभेत काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत, चहाच्या वेळी म्हणाले, “मॅडम, तुम्ही हजेरी घेता का मुलाखती?”

सगळे हसले. प्रज्ञाही हसली. घरी गेल्यावर तिला जेवण गेलं नाही.

तास तर चहूबाजूंनी कुरतडले जात होतेच. कधी निवडणुकीचं काम, कधी सर्वेक्षण, कधी आजच्या आज भरायची ऑनलाइन माहिती. त्यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. तिच्या हातात होती ती हजेरी. तिने ती कापली.

मुलांनी आपापले नंबर बोलायचे, मॉनिटरने खुणा करायच्या, तेवढ्यात आपण पहिलं उदाहरण फळ्यावर लिहून मोकळं व्हायचं. शेवटचा नंबर झाला की लगेच गणित सुरू. चाचणीचे पेपर मुलांनी बाकाबाकावर अदलाबदल करून तपासायचे. शंका असेल त्याने तासात हात वर करायचा नाही, मधल्या सुट्टीत यायचं. पहिल्याच वर्षी पोर्शन वेळेच्या आधी संपला. निकाल वर आला. ऑगस्टमधल्या तालुक्याच्या प्रशिक्षणात ‘वेळेचे नियोजन’ या विषयावर बोलायला तिलाच उभं केलं. ती म्हणाली, “वेळ कुठून आणायचा नसतो, तो आपल्याच तासात पडलेला असतो.” टाळ्या पडल्या. शेवगावकडच्या एका शिक्षिकेने नंतर फोन करून सांगितलं, “आम्हीपण नंबर सुरू केले हं, मॅडम!”

शनिवारी सकाळची शाळा. पंकजा गर्जे आली ती वर्गात न जाता थेट व्हरांड्यात प्रज्ञासमोर येऊन उभी राहिली. काल काय झालं ते तिला रात्रीतच कळलं होतं.

“मॅडम, मारायचं असंल तर मारा. पण सरांना सांगू नका.”

“कोणी मारत नाही. तिच्या जागी तू का बोलत होतीस?”

“तिनंच सांगितलं हुतं.”

“काय सांगितलं?”

पंकजा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “म्हणली, माझा नंबर चालू ठेव. बंद पडू देऊ नको. एकदा बंद पडला की परत चालू करायला लई कुटाणा असतो.”

प्रज्ञाला क्षणभर कळलं नाही. मग पंकजानेच सांगितलं. दहिफळ्यांचं दरवर्षी असं होतं. कारखान्यावर गेले की फोनला रिचार्ज राहत नाही, सिम बंद पडतं, आणि उन्हाळ्यात परत आले की घरात नवा नंबर असतो. मग पावण्यारावळ्यांना, रेशनच्या दुकानात, बँकेत, सगळीकडे नव्याने सांगत फिरायचं.

“तिला वाटलं हजेरीचं पण तसंच असंल. रोज एकदा कुणी बोललं की नंबर राहतो. म्हणली, परीक्षेला मी येते, तोवर तू बोलत जा.”

“पण ती गेलीच का? दरवर्षी आजीजवळ राहायची ना ती?”

पंकजाने मान वर करून पाहिलं. “आजी वारली ना मॅडम. भादव्यात. तुमाला माहीत न्हाई?”

भागिरथीबाई. प्रज्ञाने तिला पाहिलं होतं. आरती आठवीत असताना एकदा ही म्हातारी शाळेत आली होती, पोरीचं डोकं दुखतं म्हणून गोळी विचारायला. जाताना “बाई, हिला शिकवा, हिच्या आईगत करू नका” असं म्हणून गेली होती. भाद्रपदात काही दिवस बावीसनंतर थेट चोवीस येत होतं. प्रज्ञाला ते आता आठवलं. तेव्हाही ती फळ्याकडे तोंड करूनच होती. काही दिवसांनी तेवीस परत बोलू लागलं आणि हजेरी पूर्वीसारखी झाली.

“तुम्हांला कुणालाच मला सांगावंसं वाटलं नाही?”

“ती आलीच हुती ना तुमच्याकडं. सुट्टी लागायच्या आधी. दोनदा.”

“कशाला?”

“तुमच्याकडं राहू का विचारायला.” पंकजा आता रडायला लागली होती. “तुमीच म्हणला हुता आम्हाला आठवीत. कुणाची शाळा सुटायची वेळ आली तर आदी मला सांगा, माझं घर रिकामंच असतं.”

हे ती म्हणाली होती. घरही रिकामंच होतं. तिचा नवरा योगेश सुप्याला कंपनीत, तिथेच खोली घेऊन राहायचा आणि रविवारी पाथर्डीला यायचा. मागची खोली, घडीची खाट, टेबलाखाली जुनी पुस्तकं. मुलगी राहील एवढी जागा सहज होती.

आणि ती मधली सुट्टीही आठवली. लॅपटॉपवर माहिती भरायची होती, साइट सारखी बंद पडत होती. दारात कोणीतरी आलं. “मॅडम, एक बोलायचं हुतं.” मान वर न करता तिने विचारलं होतं, “गणितातलं आहे?” “न्हाई.” “मग पाच मिनिटं थांब.” पाच मिनिटांनी घंटा झाली. दुसऱ्या दिवशीही दारात तीच सावली होती, हेही तिला आठवलं. घंटेच्या आधी माहिती भरून झाली म्हणून आपल्याला किती बरं वाटलं होतं, तेसुद्धा आठवलं.

“जा वर्गात,” ती पंकजाला म्हणाली. “तोंड धुऊन जा.”

शेळके सरांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. दार लोटून घेतलं, चहा मागवला.

“आता जे झालं ते झालं. फॉर्म भरलेला आहे. मुलगी परीक्षेला येते म्हणते ना? मग चालू आहे ते चालू द्या. तुम्ही खरी हजेरी लावायला गेलात तर दिवस भरत नाहीत म्हणून तिचं हॉल तिकीट अडेल. आणि चौकशी झाली तर सही तुमची आहे.”

“सर, मी तिला आणते. माझ्याकडे ठेवते परीक्षेपर्यंत.”

“आणा की. पण ते लोक तुमच्याकडे…” सर थांबले, बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला. “म्हणजे त्यांना लांब पडेल, असं म्हणतोय.”

प्रज्ञाने ते वाक्य तिथेच सोडलं. अशी अर्धी वाक्यं ती लहानपणापासून ऐकत आली होती. उरलेला अर्धा भाग तिला पाठ होता.

रविवारी योगेश आला तशी तिने त्याला मोटारसायकल काढायला लावली. दहिफळे वस्तीवर तीन घरांना कुलपं होती. आरतीच्या घराच्या दाराला बाभळीची फांदी आडवी लावून ठेवली होती, शेळ्या आत जाऊ नयेत म्हणून. शेजारच्या ओसरीवर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिने टोळीचा मुकादम वैजनाथ याचा नंबर दिला. “त्याचा फोन कवाबी लागतो,” म्हातारी म्हणाली. “बाकीच्यांचे न्हाईत लागत.”

फोन संध्याकाळी लागला. वैजनाथने दोन-तीनदा “कोण पाहिजे?” विचारलं, मग हाक मारली. ट्रॅक्टरचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने श्रीमंत दहिफळे बोलला.

“नमस्कार बाई. काय चुकलं का पोरीचं?”

“नाही, नाही. तिचं काही चुकलं नाही. श्रीमंतराव, तिला पाठवून द्या. दहावीचं वर्ष आहे. परीक्षा होईपर्यंत माझ्या घरी राहील. जेवण, पुस्तकं, सगळं मी बघते.”



“बाई, आमी राजीच हुतो की,” तो म्हणाला. “हिची आई तर म्हनली, बाईंपाशी राह्यली तर आपल्या जिवाला घोर न्हाई. मोकळ्या घरात तरनी पोर एकली कशी ठिवायची? म्हून पोरगी इचारायला गेल्ती तुमाला. येऊन म्हनली, बाईंना टाइम न्हाई. मग आमी बी म्हनलं, असू दे. त्यांच्या मागं लई कामं असत्यात. कशाला तरास द्यायचा?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर प्रज्ञाला काही बोलता आलं असतं.

“आता पाठवा,” ती म्हणाली.

“आता कसं जमावं? हिच्या आईच्या, लंकाबाईच्या पायावर उसाची मोळी पडली. ती पाचटाच्या कोपीतच बसून हाय. कोयत्याला जोडी लागती बाई, एकल्या गड्याचं काम न्हाई. आता आरतीच हाय जोडीला.” मग म्हणाला, “मुकादमाला इचारतो. आईचा पाय टेकला की बघू.”

“आरतीला द्या जरा.”

फोन हातातून हातात गेला. “मॅडम,” आरती म्हणाली. ती धापा टाकत होती, लांबून पळत आली असावी.

“कशी आहेस गं?”

किती दिवसांनी आपण कोणाला हे विचारलं, असं प्रज्ञाच्या मनात आलं. आरतीही त्या प्रश्नाला तयार नसावी. म्हणाली, “बरी हाय.” आणि मग एकदम, “मॅडम, पंकजा बोलती ना रोज? माझा नंबर चालू हाय ना?”

योगेश समोर उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होता.

“चालू आहे,” प्रज्ञा म्हणाली.

“पोर्शन कुठवर आला?”

“संपत आलाय.”

“एवढ्या लवकर?” आरती म्हणाली. “यंदा लवकर झाला.” मागून कोणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

सोमवारी प्रज्ञा वर्गात गेली आणि टेबलावर हजेरीपट उघडून वर्गाकडे तोंड करून बसली. रविराजला जागेवर जायला सांगितलं. पहिलं नाव घेतलं. मुलगा गोंधळून म्हणाला, “एक.”

“नंबर नको. हजर म्हण.”

“हजर.”

पुढच्या दोघांचंही तसंच झालं. नाव ऐकलं की तोंडातून आकडा निघायचा. ती प्रत्येकाकडे बघत होती, आणि मुलांना ते बघणं अवघड जात होतं. काही जण मान खाली घालून हजर म्हणत होते. तेविसाव्या ओळीशी तिने नाव पूर्ण घेतलं: आरती श्रीमंत दहिफळे. पंकजा कंपासपेटीची कडी उघडझाप करत होती. प्रज्ञाने त्या रकान्यात काहीच लिहिलं नाही, आणि मागच्या खुणांनाही हात लावला नाही. खिडकीबाहेरून शेळके सर गेले. जाताना त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

त्यानंतर तिने वैजनाथला अनेकदा फोन केला. एकदा तो म्हणाला, “पाठवतो की, गाडी आली की पाठवतो.” एकदा म्हणाला, “आमी काय पोरीला बांधून ठिवलं न्हाई बाई, पोरीचा बाप बघंल.” जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा झाली. आरती आली नाही. त्याच आठवड्यात वस्तीवरची म्हातारी शेंगा विकायला पाथर्डीला आली होती. तिने सांगितलं, टोळी तिथला उसाचा फड संपवून दुसऱ्या कारखान्याला गेली. कर्नाटकात म्हणतात, नक्की कुठे ते ठाऊक नाही. तेव्हापासून कधीही लागणारा वैजनाथचा फोनही लागत नाही. योगेश सुट्टी टाकून टोळीच्या आधीच्या कारखान्याच्या तळावर जाऊन आला. तिथे कोप्यांचं मोडकं सामान आणि विझलेल्या चुली होत्या.

पाथर्डीच्या घरातली मागची खोली झाडून ठेवली आहे. खाटेवर चादर आहे. पंकजा रोज पहिल्या तासाआधी विचारते, “लागला का, मॅडम?” आणि उत्तर न ऐकताच जागेवर जाऊन बसते.

हॉल तिकिटं आली, वाटून झाली. आरतीचं तिकीट प्रज्ञाच्या कपाटात आहे. त्यावर बोर्डाने दिलेला नवा नंबर आहे, आणि नववीतला, दोन वेण्यांतला फोटो.

काल संध्याकाळी दहावीचा जादा तास होता. फोन शिक्षकखोलीत पर्समध्ये राहिला होता. तासात फोन जवळ ठेवायचा नाही, हा नियम प्रज्ञाने स्वतःच घालून घेतला होता. तास संपल्यावर पाहिलं तर अनोळखी नंबरावरून एक मिस्ड कॉल होता. तिने तिथेच उभं राहून परत लावला. तो नंबर बंद होता. आज सकाळी, पहिल्या तासाआधी पुन्हा लावून पाहिला. बंदच आहे.

परीक्षा येत्या शुक्रवारी सुरू होते.